‘काळा कातळ’ची नवी कॅसेट

“हे मी केव्हा गायलो?”

विद्याधर कुपवाड्यांनी ‘दैनिक निर्भेळ’चं सहावं पान माझ्या टेबलावर पसरलं, एका कोपऱ्यावर माझाच पेपरवेट ठेवला आणि दुसऱ्या कॉलमच्या मथळ्यावर बोट टेकवलं. आवाजात राग नव्हता. मिरज स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सोळा वर्षं काढलेल्या माणसाची ती साधी चौकशी होती. माल कुठून आला, कोणाच्या नावावर आला, आणि सोडवायचा कोणी.

“बसा ना,” मी म्हणालो.

“बसतो. पण केव्हा?”

शहाण्णव सालची ही गोष्ट. धुळवड होऊन तीनच दिवस झाले होते. माझ्या कानामागचा जांभळा रंग तोवर कायम झाला होता. ‘निर्भेळ’मध्ये मी अजून कायम व्हायचा होतो.

‘निर्भेळ’ हे सांगलीचं दैनिक. दरवर्षी धुळवडीला त्याचं सहावं पान खोट्या बातम्यांचं असे. बाकीची पानं खरी असतात, अशी समजूत होती. सहाव्या पानाच्या डोक्यावर एक जाड काळी पट्टी असायची: ‘आज शिमगा. या पानावर विश्वास ठेवू नये.’ त्या वर्षी पान मशीनवर चढायच्या तासभर आधी एका नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात येऊन पडली. जाहिरात विभागाला जागा हवी होती. पानावरचा एकही मजकूर कापायला संपादक इनामदार तयार होईनात. मग पट्टी गेली. जिथे ‘विश्वास ठेवू नये’ असं असायचं, तिथे नगरसेवक हात जोडून हसत होते. म्हणजे इशारा तसा होताच, पण वाचकांच्या तो लक्षात आला नाही.

पानावर पाच बातम्या होत्या. नवा पूल ठरलेल्या तारखेला खुला होणार, साखर कारखान्याचे संचालक आळीपाळीने ऊसतोडीला जाणार, रेल्वे फाटक पाच मिनिटांत उघडणार आणि नगरपालिकेने सगळे खड्डे मोजून बुजवले. या चारांवर सांगली-मिरजेत एकाही माणसाने क्षणभर विश्वास ठेवला नाही. पाचवी माझी होती.

‘आठ वर्षांच्या मौनानंतर “काळा कातळ”ची नवी कॅसेट: “पाणी उद्या येईल”.’

आजच्या मुलांना सांगायला हवं की ‘काळा कातळ’ हा मिरजेचा रॉक बँड होता, आणि एके काळी पुण्या-मुंबईची पोरं त्यांचं गाणं ऐकण्यासाठी मिरजेला यायची. एरवी मिरजेला लोक गाडी बदलायला येतात. त्यांची ‘पाषाण’ ही कॅसेट अठ्ठ्याऐंशी साली आली, तेव्हा मी कॉलेजात होतो. हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत ती होती आणि प्रत्येक खोलीतली ताणून ताणून बेसूर झालेली होती. गिटारवर आयुब सतारमेकर. त्याच्या घरात चार पिढ्या सतारी होत होत्या. त्याच लाकडातून त्याने स्वतःची गिटार केली, म्हणून वडील दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत, आणि मग एक दिवस न बोलताच त्यांनी तिची तारांखालची घोडी सरळ करून दिली. गायला कुपवाडे. ते ओरडायचे तेव्हा आपल्याला नेमकं कशाविरुद्ध ओरडायचं होतं, ते आम्हाला कळायचं. पुढे नोकऱ्या लागल्यावर ते पुन्हा कळेनासं झालं.

‘पाषाण’नंतर आठ वर्षं काही नाही. मी चिडलेला भक्त होतो. देवाने दर्शन दिलं नाही की भक्त विनोदी लिहायला लागतो, असं माझं निरीक्षण आहे.

तर बातमीत मी लिहिलं होतं की नव्या कॅसेटच्या पहिल्या बाजूला ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ हे एकवीस मिनिटांचं गाणं आहे. एका गृहनिर्माण संस्थेच्या इतिवृत्ताला जशीच्या तशी चाल लावली आहे. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, तेव्हा बँडही थांबतो आणि नुसते कपबशांचे आवाज येतात. त्यानंतर ‘प्रतीक्षा यादी क्रमांक सात’. मग ‘कुकर’, ज्यात आयुबची गिटार तीन शिट्ट्यांनंतर मंद आचेवर वाजते. दुसऱ्या बाजूला बँड फक्त वाद्यं जुळवतो. जर्मनीतल्या समीक्षकांनी हीच बाजू अधिक परिपक्व मानली आहे. शेवटी वीज जाते आणि उरलेली कॅसेट कोरी फिरत राहते.

पहिल्याच दिवशी कॅसेटच्या दुकानांत विचारणा सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ‘निर्भेळ’ला एका प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांनी ही कॅसेट पुण्यात एका स्नेह्यांकडे आधीच ऐकली होती, आणि दुसऱ्या बाजूतलं वाद्यं जुळवणं त्यांना पहिल्या बाजूइतकं प्रामाणिक वाटलं नव्हतं.

हे सगळं मी कुपवाड्यांना सांगितलं. पट्टीचं सांगितलं, नगरसेवकाचं सांगितलं. ते ऐकत राहिले.

“म्हणजे तुम्ही बनवलंत.”

“हो.”

“सगळं?”

“जर्मनीसकट. पण उद्या खुलासा येतोय.” मी खुलाशाचं प्रूफ त्यांच्यापुढे सरकवलं. चार ओळी होत्या, दिलगिरी धरून.

त्यांनी चारही ओळी वाचल्या, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. “शनिवारपर्यंत थांबवा.”

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. नवी गाणी नव्हती हे खोटं होतं. आठ गाणी होती. त्यांनी आणि आयुबने ती घरीच ध्वनिमुद्रित करून ठेवली होती, आणि पाच वर्षं कुपवाडे ती कॅसेट घेऊन कोल्हापूरला नेमिनाथ मगदुमांकडे जात होते. मगदूम म्युझिक म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातल्या सगळ्या आरत्या, पोवाडे आणि लग्नातली गाणी. मगदूमअण्णा दर वेळी चहा पाजायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि कॅसेट न ऐकता म्हणायचे की एखादी गणपतीची आरती असेल तर आणा, आवाज दणकट आहे. आणि काल त्याच अण्णांचा पार्सल ऑफिसात स्वतःहून फोन आला होता. बुधगावपासून बार्शीपर्यंतचे दुकानदार ‘काळा कातळ’ची नवी कॅसेट मागत होते. शनिवारी या, म्हणाले. गाणी घेऊन या. आणि ज्यांनी ती ऐकून परीक्षण लिहिलंय त्या सरांनाही आणा.

“दार उघडलंय, मोघे,” कुपवाडे म्हणाले. “कशानं उघडलं ते मी विचारत बसणार नाही. आत मी माझी गाणी घेऊन जाणार. तुम्ही एवढंच सांगायचं, की गाणी चांगली आहेत.”

“आणि चांगली नसली तर?”

“तर येऊ नका.” त्यांनी शर्टाच्या खिशातून कॅसेट काढली. तिच्यावर निळ्या शाईने फक्त ‘आठ’ असं लिहिलं होतं. “ऐका आधी.”

इनामदारांना मी सांगितलं की खुलासा शनिवारनंतर टाकू, बँडवाले स्वतः खात्री करून देणार आहेत. इनामदारांनी विचारलं, कशाची खात्री? बातमी खोटी असल्याची? मी हो म्हणालो. त्यांना ते पटलं. शिवाय खुलाशाच्या जागी नगरसेवकांची आभाराची जाहिरात आली होती.

त्या संध्याकाळी मी खोलीवर कॅसेट लावली. पहिलं गाणं संपल्यावर उठून दाराला कडी घातली. शेजारच्या कुलकर्णीवहिनी कधीही वाटी घेऊन यायच्या, आणि मध्ये कोणी यावं असं मला वाटेना. त्या गाण्यांमध्ये ओरडणं नव्हतं. कुपवाड्यांचा आवाज खाली उतरला होता, आणि खाली आल्यावर त्याला जास्त दिसत होतं. तिसरं गाणं पार्सल ऑफिसातल्या न सोडवलेल्या मालाचं होतं. आंब्याची करंडी, कोणाची तरी शिलाई मशीन, सुतळीने बांधलेलं एक गाठोडं.

नाव पुसलंय, गाव उरलंय,
घ्यायला कोणी येईना

एवढंच धृपद. खाली आयुबची गिटार, जवळजवळ सतारीसारखी. ते गाणं मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. आंघोळ करतानाही ते डोक्यात चालू असे. शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून सांगली स्टँडवर उभा होतो, आणि सांगायला हरकत नाही, मला माझा अभिमान वाटत होता.

बसमध्ये कुपवाड्यांनी एकदाच विचारलं, “तिसरं कसं वाटलं?” मी म्हणालो, दुसरं कोणी असतं तर रडलो असतो. त्यावर ते खिडकीबाहेर बघून हसले. जयसिंगपूर येईपर्यंत त्यांचं ते हसू तसंच होतं.

मगदूमअण्णांचं ऑफिस लक्ष्मीपुरीत, एका भांड्यांच्या दुकानावर. अण्णा साठीचे, पांढरी टोपी, कपाळावर केशरी गंध. मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“हे मोघेसर? मला वाटलं कोण म्हातारं मानूस असंल. या वयात एवढं?”

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एका बाजूला बाहुबलीचा फोटो होता आणि दुसऱ्या बाजूला माझं कात्रण. खुर्चीवर नीट टेकायच्या आत त्यांनी ते मला वाचून दाखवायला सुरुवात केली. वाचून म्हणजे काय, पाठच होतं. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते तिथे आले आणि त्यांना पुढे बोलवेना. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. “आमच्या सोसायटीत अस्संच चालतंय बगा. मी चेअरमन हाय. अर्धा तास तहकूब, आन मग तेवढीच चार टाळकी. हे तुमाला कसं कळलं?” मग जर्मनीचे समीक्षक. मग पुन्हा टोपी.

मला इथे एक गोष्ट नोंदवायची आहे. तोवरच्या चार वर्षांत माझं लिखाण मला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. वडील ‘निर्भेळ’ घेत, पण बाजारभावासाठी. इनामदार माझा मजकूर सेंटिमीटरमध्ये मोजत. आणि इथे एक माणूस माझ्या वाक्यांवर टोपी काढत होता. कुपवाडे शेजारी कॅसेट हातात धरून बसले होते. मधूनमधून तेही सभ्यपणाने हसत होते. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं.

अखेर कॅसेट लागली. मगदूमअण्णांबद्दल गैरसमज नको. त्यांनी ती नीट ऐकली, डोळे मिटून. पहिल्या दोन गाण्यांना त्यांचा पाय हलत होता. तिसऱ्याला तो थांबला. ‘घ्यायला कोणी येईना’ दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. गाणं संपलं. खाली दुकानात कोणी तरी पातेली एकात एक बसवत होतं.

“चांगलं हाय,” अण्णा म्हणाले. “लई चांगलं हाय.” मग पुढे वाकून त्यांनी यंत्राकडे बघितलं. “आन ते सभेचं?”

“सभेचं नाही, अण्णा,” कुपवाडे म्हणाले. “ही आठच आहेत.”

अण्णांनी टेबलाखालून एक खोकं काढून वर ठेवलं. आत कॅसेटच्या डबीत घालायची कार्डं होती. गठ्ठेच्या गठ्ठे. पुढे पाण्याच्या नळाचं चित्र, वर ‘पाणी उद्या येईल’, मागे गाण्यांची यादी. माझी यादी. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण या धंद्याची रीतच ती. आधी कार्ड छापायचं, ते घेऊन विक्रेता गावोगाव हिंडतो, दुकानदार कार्ड बघून मागणी नोंदवतो, आणि मग गाणी करायची. आरतीच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. ‘काळा कातळ’ची गाणी तयारच आहेत असं छापूनच आल्यामुळे अण्णांनी बुधवारीच प्रेसला सांगून टाकलं होतं. विक्रेते निघालेही होते.

कुपवाड्यांनी एक कार्ड उचललं, मागचीपुढची बाजू बघितली. “ही बदलता येतील,” ते म्हणाले. “नाव हेच ठेवू हवं तर. यादी बदलू.”

“येतील की. का नाही येनार?” अण्णांनी खोकं बाजूला केलं आणि माझ्याकडे वळले. “सर, तुमी सांगा. तुमी ऐकनारं बी हाय आन लिहिनारं बी. मला गाण्यातलं म्हनाल तर ही आठ आवडली. धंद्यातलं म्हनाल तर दुकानदार सभा मागतोय. माझं मत हिकडं बी आन तिकडं बी. तुमी म्हनत असाल ही आठ चालतील, तर ही कार्डं आत्ता खाली रद्दीत देतो. बाहुबलीची शपथ.”

ती शपथ खरी होती. यात मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

“गाणी चांगली आहेत,” मी म्हणालो.

कुपवाडे खुर्चीत सरळ बसले. माझं काम संपलं होतं. ठरलेलं वाक्य मी बोललो होतो. चहा प्यायचा आणि बस पकडायची, एवढंच बाकी होतं.

“चांगली हाईत ते मला बी कळतंय,” अण्णा म्हणाले. “चालतील काय?”

“चालतील,” मी म्हणालो, आणि मग मला स्पष्टीकरण द्यावंसं वाटलं. सुशिक्षित माणसाची ही एक अडचण असते. “म्हणजे जाणकारांत चालतील. सर्वसाधारण श्रोत्याची अपेक्षा मात्र सध्या जरा वेगळी तयार झालेली आहे.”

“आन सभेचं केलं तर?”

“धावेल.”

अण्णा खूश झाले. त्यांनी विचारलं, पण सर, एकवीस मिनिटं सभा गायची म्हणजे नेमकी कशी गायची? आता याला उत्तर देण्यात काही गैर नव्हतं. प्रश्न तांत्रिक होता. मी म्हणालो, सुरुवात इतिवृत्त वाचून कायम करण्यापासून करता येईल. अण्णांनी मगदूम म्युझिकचं लेटरहेड आणि पेन पुढे केलं. आयत्या वेळचे विषय, वाहनतळाचा वाद, टाकी धुण्याचा ठराव. एकेक सुचत गेलं. धृपद तर एका झटक्यात उतरलं:

सात वाजले, आठ वाजले,
गणसंख्या काही होईना

अण्णांनी ते मोठ्यांदा वाचलं आणि टोपी काढली. मी मान वर केली तेव्हा कपातला चहा गार झाला होता आणि कुपवाड्यांनी यंत्रातून आपली कॅसेट काढून घेतली होती. बोटाने तिची ढिली पट्टी ते हलकेच गुंडाळत होते.

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच सांगितलं, की आधी ही काढू, हिच्या जोरावर पुढच्या दिवाळीला ती आठ. कुपवाड्यांनी विचारलं, लिहून देता का? अण्णा म्हणाले, शब्द दिला की. खोलीतल्या तिघांनाही पुढची दिवाळी कशी असते ते माहीत होतं. कुपवाडे थोडा वेळ त्या नळाच्या चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आयुबला विचारतो.” ते हो म्हणण्यासारखंच होतं. ओरडणाऱ्या माणसाला आठ वर्षं कोणी गा म्हटलं नाही, तर तो काहीही गायला तयार होतो. हे मला आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं की माझा मुद्दा त्यांना पटला.

परतीच्या बसमध्ये हातकणंगले येईपर्यंत कुपवाडे खिडकीबाहेर बघत होते.

“तुम्ही गाणी वाईट आहेत म्हणाला असतात ना,” मग ते म्हणाले, “तर मी वाद घालणार होतो. तयारी करून आलो होतो.”

मी काही तरी म्हणालो. बहुधा दिवाळीबद्दल.

“चांगली आहेत म्हटल्यावर काय बोलणार?”

सोमवारी इनामदारांनी खुलाशाचं विचारलं. मी सांगितलं की आता खुलाशाची गरज नाही, कॅसेट निघतेय. इनामदार पत्रकारितेत तीस वर्षं होते, पण खोटी बातमी अशी आपसूक खरी झालेली त्यांनीही पाहिली नव्हती. बुधवारी पहिल्या पानावर चौकट आली: ‘“निर्भेळ”चे वृत्त अखेर खरे ठरले.’ त्या महिन्याच्या शेवटी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. पुण्याच्या स्नेह्यांकडे कॅसेट ऐकलेल्या प्राध्यापकांनी पत्र पाठवून अभिनंदन केलं.

ध्वनिमुद्रण एप्रिलमध्ये झालं, कोल्हापुरातच, एका भर दुपारी. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या मारलेली एक खोली आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक आणि मगदूमअण्णा. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. गीतकार म्हणून मी आतच होतो. शब्द पाठ नाहीत असं कुपवाडे म्हणाले होते, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहून कागद धरायचं काम माझ्याकडे आलं होतं. चाल कोणती लावली आहे हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी विचारलंही नव्हतं. कार्डावर चाल छापत नाहीत.

आयुबने सुरुवात केली. चौथ्या सुराला मी कागदावरून मान वर केली.

ती तिसऱ्या गाण्याची चाल होती. आणि ती तिथे ओढूनताणून बसवलेली नव्हती. लक्ष्मीपुरीत लेटरहेडवर मी जे लिहिलं होतं, ते दोन दिवस डोक्यात घोळलेल्या त्या गाण्याच्याच मापात लिहिलं होतं, जवळजवळ मात्रेला मात्रा. मला कळलं नव्हतं. कुपवाड्यांना पहिल्यांदा वाचतानाच कळलं असणार. पार्सलवरचं नाव पुसलं तरी गाठ कोणाची आहे हे त्यांना ओळखू येत असे.

त्यांनी डोळे मिटले होते. कागदाची गरज त्यांना नव्हतीच. आवाज खाली, तसाच, माझ्या खोलीत कडी लावून ऐकला होता तसा. इतिवृत्त वाचून कायम झालं. टाकी धुण्याचा ठराव आला. शब्द सभेचे, पण चालीने करंडी उचलली, शिलाई मशीन उचलली, गाठोडं उचललं आणि धृपदाशी आलं. ‘सात वाजले, आठ वाजले’ ते असे गायले, की कोणीच आलं नाही हे त्या खोलीतल्या माणसाला खरंच कळावं. आणि मग ‘गणसंख्या’ हा शब्द आला, बरोबर त्या जागी, त्या सुरावर.

मी हसलो.

ते कुत्सित नव्हतं, एवढं मी कोणासमोरही सांगेन. रडू आणि ते एकाच दारातून निघालं आणि हसू पुढे झालं. पण मोठ्यांदा हसलो, आणि थांबता येईना. आयुबने माझ्याकडे बघितलं. कुपवाड्यांनी डोळे उघडले नाहीत. ओळ पूर्ण केली, शेवटचा सूर होता तेवढा लांबवला, मग कानावरचं यंत्र काढलं.

“पुन्हा घेऊ,” ते काचेकडे बघून म्हणाले. “हे हसणं आलंय मध्ये.”

काचेपलीकडे मगदूमअण्णांची टोपी निघालेली होती. माइकवरून त्यांचा आवाज आला, “नगं. ऱ्हाऊ दे. हसनं ऱ्हाऊ दे. तेच तर पायजे.”

ते राहिलं. ‘पाणी उद्या येईल’ किती गाजली हे सांगायची गरज नाही. गणपतीत वाजली, लग्नात वाजली, सोसायट्यांच्या सभांना वाजली. धृपदातल्या त्या जागी कॅसेटमध्ये कोणी तरी खदाखदा हसतं, आणि तिथे समोरचा अख्खा मांडव हसतो. ती एक सोयच झाली. पुढच्या दिवाळीला अण्णांनी सभेचा दुसरा भाग काढला. ती आठ गाणी कधीच निघाली नाहीत. तिसऱ्याची चाल आता लोकांना ठाऊक झाली होती, आणि तिच्यावर कोणी आंब्याची करंडी गायला लागलं असतं, तर पहिल्याच ओळीला हशा झाला असता.

पुढे कुपवाडे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा मिरजेत त्यांची जाहीर मुलाखत ठेवली होती. मी मागच्या रांगेत होतो. मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं की ते सुप्रसिद्ध हसणं कोणाचं, कार्डावर तर नाव नाही. सभागृहात तेवढ्यानेच हशा पिकला. तो संपेपर्यंत कुपवाडे थांबले.

“होता एक जण,” ते म्हणाले. “चाल ओळखणारा तेवढाच होता.”